दोन्ही दारं उघडी

पोरगा आला तेव्हा धुकं दुकानात शिरून
माझे पाने एकेक करून पुसट करत होतं.
"नोकेन आस बदला," गालिह म्हणाला.
डच गेले, त्यांचे रूळ गवताखाली गेले,
कॅमशाफ्टचं हे नाव तेवढं
आमच्या तेलकट बोटांना चिकटून राहिलं.

बदलणार कशाने? खिशात दीड लाख रुपिया,
त्यात साधा नवा कॅमसुद्धा येत नाही.
मग घासायचा.
टेकडी उंच करायची तर माथ्यावर भर टाकत नाहीत,
पायथा खरवडतात.
एवढंच माझं शास्त्र. बाकी ग्राइंडर, डायल,
आणि डोळे मिटून अंगठ्याखाली फिरवलेलं
ते गार लोखंडी अंडं.

गाडी म्हणजे बेबेक. बेबेक म्हणजे बदक.
शंभर सीसीचं, मडगार्ड तारेने बांधलेलं,
आठवडाभर त्याच्या आईचे बटाटे वाहतं
खालच्या वाडीतून वर, दिएंगच्या बाजाराला,
आणि शनिवारी रात्री बसतळामागच्या सरळ रस्त्यावर
म्हणे ते उडणार.

मी त्याला सांगितलं. बसवून सांगितलं.
कॅम ताकद देत नाही रे, तो दारवान आहे,
दार कधी उघडायचं, किती वेळ धरून ठेवायचं
एवढंच त्याच्या हातात.
आणि मधे एक क्षण असतो,
जाणारा धूर अजून उंबऱ्यात,
येणाऱ्याने पाऊल आत टाकलेलं,
दोन्ही दारं उघडी.
जाणारा जाता जाता येणाऱ्याला आत ओढून घेतो.
हा क्षण लांबवला की मूठ पिळल्यावर गाडी पिसाटते,
पण हळू चालताना
दोघे उंबऱ्यातच एकमेकांच्या पायात येतात.
वर मिळेल ते खालून जाईल.
"आई चढ कसा चढेल?"
तो आरशात केस बसवत होता.

तरी मी घासला. खोटं कशाला बोलू,
हात शिवशिवत होते.
चेन तारेने टांगून ठेवली, पोटात पडू नये म्हणून.
पिस्टनच्या माथ्यावर पोरांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी ठेवली,
इंजिन हाताने दोनदा फिरवलं, हेड पुन्हा उतरवलं.
मातीत व्हॉल्व्हचा ठसा, नखाएवढा.
सर्वांत पातळ जागी दीड मिलिमीटर.
पुरे.

मंगळवारी, अजून उजाडायचं होतं,
बू सारिंतेन स्वतः आली.
गाडी तिच्याखाली खोकत होती,
आता विझते, आता विझते, मग पुन्हा धरत.
घासलेलं लोखंड परत येत नाही,
पण भंगारातल्या एका बदकाचा कॅम
मी रात्रीच पुसून ठेवला होता. माफीसारखा.

तिने हेल्मेट काढलं नाही.
"पहिल्या वळणावर बंद पडली. दुसऱ्यावरही.
तिसऱ्याला मी चिडले,
गिअर सोडलाच नाही, मूठ पिळून धरली,
आणि ओरडत ओरडत, कुठेतरी, ती मोकळी झाली."
मग जरा थांबून,
"मागे चार पोती होती. एक पडलं.
कळलंच नाही."

मी पाना हातात घेऊन उभा.
"काढू का?"
"काही काढू नका. उभी असताना विझू नये एवढं बघा,
आणि सायलेन्सरला काही गुंडाळा, शेजारच्या कोंबड्या उठतात.
गालिहला सांगा, शनिवारी गाडी मोकळी नाही."

स्क्रू पाव फेरा आत दिला.
बदक अडखळतच होतं, पण तग धरून.
तीन पोती माझ्या दारात उतरवून
चौथं आणायला ती उतारावर निघाली,
घाई अशी दिसली नाही.
माझा चहा गार झाला. दुसरा केला, तोही निवत आला,
तेव्हा कुठे खालून, धुक्याच्या पोटातून,
तिसरं वळण ऐकू आलं.